आपली श्वसनसंस्था आपल्याच अंगावर कशी शिकावी

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी अकरावी-बारावीची आणि नर्सिंगची मुले-मुली जीवशास्त्र शिकायला येतात. श्वसनसंस्थेचा पाठ आला, की पहिल्या दिवशी मी पुस्तके मिटायला सांगते आणि प्रत्येकाला स्वतःच्या फुप्फुसाच्या वरच्या टोकावर बोट ठेवायला लावते. बहुतेकांचे बोट छातीवर, सदऱ्याच्या खिशाच्या जरा वर जाऊन थांबते. प्रत्यक्षात ते टोक गळ्याखालच्या आडव्या हाडाच्याही वर, मानेच्या बुडाशी, सुमारे अडीच सेंटिमीटर उंच असते. ज्यांना आकृती डोळे मिटून काढता येते आणि तिच्यातली सगळी नावे बिनचूक लिहिता येतात, त्यांचेही हेच होते, कारण ती आकृती कागदावरच राहिलेली असते, अंगावर उतरलेली नसते.

म्हणून येथे दिलेला क्रम उलटा आहे. आधी बोट, मग डोळा, त्यानंतर नाव, आणि आकृती अगदी शेवटी. त्यासाठी दोन संध्याकाळी आणि एक सुट्टीची सकाळ पुरते. साहित्य घरातलेच आहे: अंगाला घट्ट बसणारा जुना पांढरा बनियन, दोन रंगांची स्केच पेने, शिवणकामाची टेप, विजेरी, आरसा, स्टीलची ताटली, तेलाचा रिकामा पारदर्शक पाच लिटरचा कॅन आणि हातभर रबरी नळी. मुलींनी बनियनऐवजी जुना घट्ट टी-शर्ट घ्यावा आणि मोजमापे बहिणीच्या किंवा आईच्या मदतीने करावीत.

नाकापासून सुरुवात

फ्रीजमध्ये पाच मिनिटे ठेवलेली स्टीलची ताटली नाकाखाली आडवी धरावी आणि तोंड मिटून एकदा सावकाश श्वास सोडावा. ताटलीवर वाफेचे दोन डाग उमटतात आणि जवळजवळ नेहमीच त्यांतला एक मोठा, एक लहान असतो. नाकपुडीच्या आतली त्वचा रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. ती एका बाजूला फुगते तेव्हा दुसऱ्या बाजूला ओसरते, आणि ही अदलाबदल काही तासांच्या अंतराने आपोआप चालू राहते. उजवा स्वर, डावा स्वर ही भाषा आपल्याकडे योगाभ्यासातून घरोघरी आली आहे. तिच्यामागची शारीरिक गोष्ट ही एवढी आहे. डाग वाफेचा का, हेही येथेच समजून घ्यावे. नाकाच्या प्रत्येक बाजूच्या भिंतीवर शिंपल्यासारख्या आत वळलेल्या हाडांच्या तीन कडा असतात. त्यांच्यामुळे आत येणारी हवा सरळ न जाता वळसे घेत जाते, आणि त्या वळशांत ती गरम व ओलसर होते. तोंडाने श्वास घेत झोपलेल्या माणसाचा घसा सकाळी कोरडा का पडतो, याचे उत्तर ताटलीवरच्या त्या डागात आहे.

आता आरशासमोर तोंड उघडून विजेरी मारावी. मधोमध लोंबणारी पडजीभ आणि दोन्ही बाजूंचे टॉन्सिल दिसतात. त्यांच्या मागची लालसर भिंत म्हणजे घसा. घशाचे तीन मजले आहेत. पडजिभेच्या वरचा मजला नाकामागे असतो, मधला आरशात दिसतो आणि खालचा स्वरयंत्रामागे दडलेला असतो. वरच्या मजल्यात दोन्ही कानांकडून येणाऱ्या नळ्या उघडतात. कसारा घाट चढताना दडे बसलेले कान आवंढा गिळल्यावर मोकळे होतात, ते या नळ्या क्षणभर उघडल्यामुळे.

कंठमण्यावर बोट

गळ्याच्या पुढच्या बाजूला, मधोमध, तर्जनी आणि अंगठा हलक्या हाताने ठेवावा. पुरुषांचा कंठमणी लगेच लागतो. स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तोंड मिटून ‘म्’ असा लांब हुंकार काढावा, म्हणजे जेथे सर्वांत जास्त थरथर जाणवते तेथे तो सापडतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने तेथे दाबू नये आणि दोन्हीकडे एकदम तर कधीच दाबू नये.

बोट तसेच ठेवून आवंढा गिळावा. कंठमणी वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. त्या एका हालचालीत स्वरयंत्र उचलले जाऊन जिभेच्या मुळाखाली जाते, अधिस्वरद्वार नावाचे पानासारखे झाकण त्याच्या तोंडावर कलते, स्वरतंतू मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. हवेची वाट पुढे आणि अन्नाची मागे, पण नाक मात्र तोंडाच्या वर, म्हणून या दोन वाटा घशात एकमेकींना ओलांडतात. त्या चौकात जरा गडबड झाली, तर ठसका लागतो. गिळता गिळता श्वास घेण्याचा प्रयत्न करून पाहावा. तो जमत नाही.

पुढचा प्रयोग आपल्या वर्णमालेने सोपा करून ठेवला आहे. बोट कंठमण्यावरच ठेवून ‘स’ लांबवावा, मग थांबून ‘झाड’ या शब्दातला ‘झ’ लांबवावा. जिभेची जागा जवळजवळ तीच, पण पहिल्या वेळी बोटाखाली काहीच नाही आणि दुसऱ्या वेळी स्पष्ट गुणगुण. शाळेच्या व्याकरणात आपण कठोर आणि मृदू व्यंजने पाठ केली, त्यांतला भेद हाच: मृदू व्यंजनाच्या वेळी स्वरतंतू जवळ येऊन थरथरतात, कठोराच्या वेळी ते दूर असतात. आता तळहात ओठांसमोर धरून ‘प’ आणि ‘फळ’मधला ‘फ’ म्हणावा. दुसऱ्या वेळी हवेचा झोत हाताला लागतो, पण त्यासाठी ‘फ’ दोन्ही ओठ मिटून म्हणायला हवा. आजकाल पुष्कळांचा ‘फ’ दात ओठाला लावून येतो, त्यांनी ‘क’ आणि ‘ख’ घ्यावा. ज्यांनी या वर्णांना महाप्राण म्हटले त्यांनी तो झोत नक्कीच असा हातावर घेऊन पाहिला असावा, असे मला नेहमी वाटते. पुरुषांचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात, स्त्रियांचे १२ ते १७; आवाजाच्या पट्टीतला फरक बहुतांशी या काही मिलिमीटरांचा आहे.

कंठमण्यावरून बोट सावकाश खाली आणले, की एक लहानसा मऊ खळगा लागतो आणि लगेच एक कडक कडे. श्वासमार्गातले सगळीकडून बंद असलेले, अंगठीसारखे कडे हे एकच. त्याच्या खाली श्वासनलिका सुरू होते. तिची कडी अगदी हलका हात ठेवला तर दोन-तीन जाणवतात, आणि मग ती गळ्याखालच्या खोलगट जागेत छातीच्या हाडामागे नाहीशी होते.

बनियनवरचा नकाशा

येथपासून बनियन अंगात घालावा आणि पेन हाती घ्यावे. गळ्याखालच्या त्या खोलगट जागेतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली न्यावे. साधारण पाच सेंटिमीटर गेल्यावर एक आडवा उंचवटा लागतो. या उंचवट्याइतकी उपयोगी खूण छातीवर दुसरी नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते आणि त्याच्या बरोबर मागे, शरीरात खोलवर, श्वासनलिका दुभंगते. तेथे एक आडवी रेघ मारावी. पहिली बरगडी आडव्या हाडाखाली लपलेली असल्यामुळे ती चाचपत बसू नये. मोजणी नेहमी दुसरीपासूनच करावी. बरगड्या मोजताना बोट मधल्या हाडापासून तीन-चार बोटे बाहेर ठेवले, तर त्या स्पष्ट लागतात, कारण हाडाजवळ खालच्या बरगड्यांच्या कूर्चा, म्हणजे त्यांची लवचीक टोके, एकमेकींत मिसळून जातात आणि मोजणी हमखास चुकते.

आता फुप्फुसाची कड काढावी. आडव्या हाडाच्या आतल्या एक-तृतीयांश भागाच्या वर, अडीच सेंटिमीटर उंचीवर, दोन्ही बाजूंना एकेक कमान काढावी. बनियनचा गळा मोठा असेल तर ती काजळाच्या पेन्सिलीने अंगावरच काढावी लागते. तेथून दोन्ही रेषा आत वळून उंचवट्यापाशी जवळजवळ एकमेकींना भिडतात. उजवी रेष तशीच सरळ सहाव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंत उतरते. डावी रेष मात्र चौथ्या कूर्चेपाशी बाहेर वळते, हृदयाला जागा देते आणि मग सहाव्यापर्यंत येते. खालची कड दोन्हीकडे सारखी आहे: पुढे, आडव्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली आल्यावर सहावी बरगडी, काखेच्या मध्यातून खाली आल्यावर आठवी, पाठीमागे कण्याजवळ दहावी. हे आकडे शांत श्वासाच्या वेळचे आहेत. फुप्फुसावरणाची पिशवी याहून दोन-दोन बरगड्या खाली, म्हणजे आठ, दहा, बारा अशी पोचते. मधली ती मोकळी फट दीर्घ श्वासाच्या वेळी फुप्फुसाने काही अंशी भरते. आजारात छातीत पाणी साठते, तेही आधी तेथेच.

यानंतरची रेष पाठीवर आहे आणि ती दुसऱ्याने काढायची आहे. ज्याच्या पाठीवर रेष काढायची, त्याने हात वर करून तळवा डोक्यावर ठेवावा. त्यामुळे खांद्याचे पाते फिरते आणि त्याची कण्याकडची कड तिरकी होते. ती तिरकी कड म्हणजे फुप्फुसाचा वरचा आणि खालचा खंड वेगळे करणाऱ्या भेगेची जवळजवळ हुबेहूब दिशा. ही भेग पाठीत वर सुरू होऊन, काखेखालून उतरत, पुढे सहाव्या बरगडीच्या कूर्चेपाशी संपते. उजवीकडे आणखी एक आडवी भेग चौथ्या कूर्चेच्या पातळीवर काढावी. असे उजवीकडे तीन खंड होतात आणि डावीकडे दोन.

नकाशा पुरा झाल्यावर बनियन काढून टेबलावर पसरावा. पुढच्या बाजूला जवळजवळ सगळा वरचा खंड आहे, उजवीकडे त्याच्याखाली मधला, आणि खालच्या खंडाचा जेमतेम एक कोपरा. पाठीवर मात्र बहुतेक जागा खालच्या खंडाने व्यापलेली आहे. डॉक्टर पुढून तपासून झाल्यावर सदरा वर करायला लावून पाठीवरही स्टेथोस्कोप ठेवतात, तो का, हे या बनियनकडे पाहून माझ्या विद्यार्थ्यांना जेवढ्या चटकन कळले, तेवढे पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही परिच्छेदाने कळलेले नाही. खालच्या खंडातला न्यूमोनिया पुढून ऐकायला गेले, तर हाती फारसे लागत नाही.

घरात छातीचा जुना एक्स-रे असेल तर तो याच वेळी खिडकीच्या काचेवर धरावा. आपली उजवी बाजू फिल्मवर आपल्या समोर डावीकडे येते, हे एकदा मनाशी पक्के करावे. मधोमध खाली उतरणारा गडद पट्टा म्हणजे श्वासनलिकेतली हवा. तो जेथे दुभंगतो तेथून दोन्ही बाजूंचे कोन पाहावेत. उजवी मुख्य श्वसनी, म्हणजे श्वासनलिकेचा उजवा फाटा, रुंद, सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि बरीच उभी असते, तर डावी अरुंद, सुमारे पाच सेंटिमीटर लांब आणि आडवी. शेंगदाणा, चिंचोका किंवा पेनाचे टोपण श्वासात गेले, तर ते बहुधा उजवीकडे जाऊन अडकते, याचे कारण तो कोन आहे. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ बजावतात तेही याच भीतीने.

भाता

फुप्फुसाला फुगवणारा स्वतःचा स्नायू नाही, म्हणजे त्याला स्वतःहून फुगता येत नाही. लोहाराच्या भात्यात हवा कोणी भरत नाही. भात्याच्या फळ्या दूर केल्या, की ती आपण होऊन आत येते. छातीचेही तेच आहे.

उताणे झोपून पोटावर एक वाटी पालथी ठेवावी आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा. वाटी श्वास घेताना वर येते. श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू छातीच्या तळाशी असतो. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होऊ लागतो, पोटातले अवयव खाली ढकलले जातात आणि वाटी उचलली जाते. शांत श्वासात तो दीड-दोन सेंटिमीटर सरकतो, दीर्घ श्वासात दहा सेंटिमीटरपर्यंतही. उचकी म्हणजे याच स्नायूचा झटका आणि लगेच मिटणारे स्वरतंतू. ‘हिक्’ हा आवाज त्या मिटण्याचा.

बरगड्यांची हालचाल टेपने मोजावी. स्तनाग्रांच्या पातळीवर छातीभोवती टेप धरून पूर्ण श्वास सोडल्यावर एक माप आणि पूर्ण घेतल्यावर दुसरे माप घ्यावे. धडधाकट तरुण माणसात साधारण पाच सेंटिमीटरचा किंवा त्याहून अधिक फरक येतो. मग तळहात बाजूंच्या बरगड्यांवर ठेवून पुन्हा श्वास घ्यावा. वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्यासारख्या पुढे-वर जातात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर-वर.

सर्वांत मजेचा प्रयोग ठोकण्याचा. उन्हाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारात माठ घेताना आपण त्याला टिचकी मारून पाहतो. व्हिएन्नातल्या लेओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये छाती ठोकून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपे ठोकून त्यांतली पातळी ओळखणे त्याने लहानपणी पाहिले होते, असे सांगतात. डाव्या हाताचे मधले बोट उजव्या छातीवर, दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत, घट्ट आडवे टेकवावे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने, मनगटातून, त्यावर दोन टोले मारावेत. तिसऱ्या बरगडीखालपासून एकेक जागा खाली येत जावे. आधी पोकळ आवाज येतो आणि पाचव्या बरगडीच्या आसपास तो एकाएकी भरीव होतो. तेथे फुप्फुस संपत आले आणि श्वासपटलाआडचे यकृत सुरू झाले. तेथे दुसऱ्या रंगाच्या पेनाने टिंब द्यावे. आता दीर्घ श्वास घेऊन रोखावा आणि पुन्हा ठोकावे. भरीव आवाज दोन-तीन बोटे खाली गेलेला असतो. जे श्वासपटल कधी डोळ्यांना दिसणार नाही, त्याची हालचाल अशी दोन टिंबांत सापडते. पहिल्या दिवशी फरक ऐकू येत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. यावरून स्वतःचे किंवा घरच्यांचे निदान करायला मात्र बसू नये.

हवा किती मावते, हे पाहण्यासाठी कॅन पाण्याने काठोकाठ भरावा, तोंडावर तळहात दाबून तो अर्ध्या भरलेल्या बादलीत उलटा करावा आणि नळीचे एक टोक त्याच्या तोंडात सरकवावे. पूर्ण श्वास घेऊन, नळीतून अगदी शेवटपर्यंत सोडावा. कॅनमधून जेवढे पाणी बाहेर ढकलले गेले, तेवढी आपली हवा. प्रौढांमध्ये ती साधारण तीन ते पाच लिटर भरते. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये मांडलेल्या श्वासमापकाचे तत्त्वही पाणी आणि उलटे भांडे हेच होते. त्यानंतरही लिटरभर किंवा थोडी अधिक हवा आत उरते, जी कितीही जोर केला तरी सोडता येत नाही. प्रत्येकाने आपली नळी वेगळी ठेवावी. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा प्रयोग करू नये.

बाटलीत फुगे टांगून आणि खाली रबराचा पडदा ओढून केलेले श्वसनाचे मॉडेल विज्ञान प्रदर्शनांत अजूनही बक्षिसे मिळवते. माझा त्याला फारसा लोभ नाही. त्यातला पडदा सपाट असतो तो खाली ओढला जातो, उलट आपला घुमट असतो तो सपाट होतो. त्यातला फुगा रिकाम्या बाटलीत लोंबतो, तर आपले फुप्फुस छातीच्या भिंतीला सर्व बाजूंनी चिकटून असते. आणि मुळात फुप्फुस हा फुगा नाहीच. तो काय आहे, हे पाहायला पुढची सकाळ हवी.

बकऱ्याची फुप्फुसे

शाकाहारी वाचकांनी हा भाग नुसता वाचला तरी चालेल. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, की श्वासनलिकेसकट फुप्फुसे हवीत, नळी वरून आखूड कापू नये आणि फुप्फुसाला सुरी लागू देऊ नये. रविवारी गर्दीत कोणालाही हे ऐकायला वेळ नसतो, म्हणून मधल्या वारच्या सुट्टीच्या दिवशी जावे. पहिल्या वर्षी मी ऐन गटारीच्या सकाळी गेले आणि घरी येऊन हवा भरू लागले तेव्हा ती तीन ठिकाणांहून फुसफुसत बाहेर पडू लागली. फुप्फुसांत पाण्याने भरलेली पांढरट गाठ दिसली तर ती फोडू नये, सगळेच टाकून द्यावे. त्या गाठीत माणसाला बाधणाऱ्या कृमीचा अंश असू शकतो. हातमोजे घालावेत आणि नळीत तोंडाने कधीही फुंकू नये.

आधी नुसते हातात घेऊन पाहावे. एवढ्या आकाराच्या मांसाच्या मानाने ते विलक्षण हलके असते, आणि चिमटीत दाबले तर आतून बारीक करकर जाणवते. मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून, श्वासनलिकेत रबरी नळी घालून, ती सुतळीने घट्ट आवळावी आणि सायकलच्या पंपाने सावकाश हवा भरावी. पहिल्या काही दाबांत फारसे काही घडत नाही. मग एका कडेला फिकट गुलाबी ठिपका उमटतो, शेजारी दुसरा, आणि थोड्याच वेळात ते ठिपके एकमेकांत मिसळून काळपट लाल, आक्रसलेला गोळा दुप्पट-तिप्पट होतो. मिटलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, उघडताना जास्त जोर लागतो आणि एकदा उघडल्यावर कमी, हे येथे हाताला कळते. पंप काढला की सगळे आपोआप आक्रसते. शांतपणे श्वास सोडताना आपण काहीही करत नाही, ते काम फुप्फुसाचा हा ताण करतो. आणि जिवंतपणी ते असे आक्रसून जात नाही, कारण फुप्फुसावरणाच्या दोन पदरांमध्ये काही मिलिलिटर द्रवाचा थर असतो. दोन ओल्या काचा जशा सरकतात पण सुटत नाहीत, तसे ते दोन पदर. छातीला भोक पडून तेथे हवा शिरली, की काचा सुटतात आणि फुप्फुस मिटते.

आता कात्री घ्यावी. श्वासनलिकेची कडी पूर्ण गोल नसतात. मागच्या बाजूला ती उघडी असतात आणि ती फट मऊ पडद्याने भरलेली असते. तो पडदा वरपासून खालपर्यंत चिरावा. माणसात अशी १६ ते २० कडी असतात, बकऱ्यात पुष्कळच अधिक. आतला पृष्ठभाग ओला, गुळगुळीत आणि किंचित चिकट लागतो. त्यावर केसांसारख्या सूक्ष्म पक्ष्माभिका असतात, ज्या अडकलेली धूळ चिकट स्रावासह सतत वर, घशाकडे लोटत राहतात. घोडबंदर रस्त्यावरून दुचाकीने आल्यावर आपण खाकरतो, तेव्हा त्यांच्याच कामाचा शेवटचा भाग आपण करत असतो.

चिरत दुभाजनापाशी पोचण्याआधी उजव्या बाजूला एक लहान भोक दिसते. ते चुकून पडलेले नाही. बकऱ्यात, आणि एकंदर रवंथ करणाऱ्या प्राण्यांत, उजव्या वरच्या खंडाची श्वसनी दुभाजनाच्या आधीच श्वासनलिकेतून निघते. माणसात ती उजव्या मुख्य श्वसनीतून फुटते. त्या भोकाला ओलांडून पुढे दुभाजनावर बोट ठेवावे. दोन वाटांच्या मध्ये धारदार कड लागते. मग एका वाटेने कात्री आत नेत प्रत्येक फाट्याला चिरत जावे. माझी कात्री सहा-सात फाट्यांनंतर अडते. तोवर कूर्चेची कडी तुकड्या-तुकड्यांची होत गेलेली असतात, आणि त्याही पुढे, जेथे कूर्चा संपते, तेथून श्वसनिका सुरू होतात. दम्याच्या झटक्यात आवळतात त्या मुख्यतः या लहान वाटा. त्यांच्या भिंतीत स्नायू आहे, पण आधाराला कडे नाही.

शेवटी फुप्फुसाचा सुपारीएवढा तुकडा आणि तेवढाच कलेजीचा तुकडा पाण्याच्या पातेल्यात टाकावा. कलेजी तळाला जाते, फुप्फुस तरंगते. तुकडा पाण्याखाली दाबून पिळला, तर बुडबुड्यांचा फेस येतो. मोठा बुडबुडा येत नाही. फुगा नाही, स्पंज, आणि तोही अतिशय बारीक छिद्रांचा.

कात्री अडते तेथून पुढे

येथून पुढे बोट आणि डोळा दोन्ही थांबतात आणि आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते. माणसाच्या श्वासनलिकेपासून शेवटच्या वायुकोशापर्यंत सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. पहिले सोळा फाटे नुसती वाट आहेत, तेथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. शांत श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो; तिच्यातली १५० या वाटेतच राहते आणि ३५० वायुकोशांपर्यंत पोचते. वायुकोश ३० ते ५० कोटी, प्रत्येकाचा व्यास जेमतेम ०.२ मिलिमीटर, आणि सगळे उलगडून पसरले तर क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर. ठाण्याच्या भाषेत सांगायचे तर ७५० चौरस फूट कार्पेट, आणि तेही दोन बेडरूमच्या फ्लॅटऐवजी बनियनमध्ये मावलेले.

वायुकोशातली हवा आणि केशवाहिनी या सूक्ष्म रक्तवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. तांबडी पेशी तेथून पाऊण सेकंदात जाते आणि पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन भरून होतो. उरलेला अर्धा सेकंद शिलकीत असतो, म्हणून येऊरची चढण धावत चढतानाही काम भागते. रक्त हृदयापासून निघून हृदयाकडे परतते असे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये लिहिले, पण मधल्या सूक्ष्म वाहिन्या त्यांना दिसल्या नाहीत. १६५७ मध्ये ते वारले आणि चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने त्या पाहिल्या.

इतके लहान आणि आतून ओले बुडबुडे पृष्ठताणाने मिटून जायला हवेत. ते मिटत नाहीत, कारण वायुकोशातल्या काही पेशी साबणासारखा ताण कमी करणारा स्राव सोडतात. पुऱ्या दिवसांच्या आधी जन्मलेल्या बाळांत तो पुरेसा नसतो आणि त्यांना श्वासाचा त्रास होतो, तो त्याच्या अभावामुळे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले.

अजपाजपाच्या, म्हणजे श्वासाबरोबर आपोआप होणाऱ्या जपाच्या, संदर्भात दिवसाचे २१,६०० श्वास सांगितले जातात. मिनिटाला १५ धरले तर १५ गुणिले १,४४० म्हणजे नेमके तेवढेच होतात. स्वतःचे श्वास मोजायचे असतील तर ते दुसऱ्याने, आपल्याला न सांगता मोजावेत. मोजतोय हे कळले, की लय बदलते.

आता आकृती

टेबल साबणाने धुऊन, उरलेले घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात दिल्यावर, बनियन समोर टांगावा आणि कोरा कागद घ्यावा. मुले नाकापासून काढत खाली येतात आणि फुप्फुसापर्यंत येता येता कागदावरची जागा संपते. श्वासपटलाचा घुमट आधी काढावा, उजवीकडे किंचित उंच, कारण खाली यकृत आहे. मग बरगड्यांची चौकट, मग गळ्याच्या हाडाच्या वर डोकावणारी दोन टोके, हृदयाची खाच, भेगा, आणि शेवटी वरून येणारी नळी, जिचा उजवा फाटा उभा आणि डावा आडवा. नावे त्यानंतर लिहावीत.

एक खबरदारी घ्यावी. आमच्याकडच्या एका मुलीने परीक्षेत इतकी सुरेख आकृती काढली, की मलाही हेवा वाटला, फक्त दुभाजनाच्या वर, उजव्या बाजूला, बकऱ्याची ती जास्तीची श्वसनीही तिने इमानदारीने काढली होती. तिचा अर्धा गुण कापला गेला. काही थोड्या माणसांत जन्मतःच अशी श्वसनी आढळते, असे मी तिला नंतर सांगितले, तेव्हा तिने विचारले की मग तपासणाऱ्या बाईंना तसे कळवता येईल का.